धावणाऱ्या कुत्र्याला काम हवं: धाराशिव जिल्ह्यातून अ‍ॅजिलिटीकडे पाहताना

धाराशिव जिल्ह्यात धावणाऱ्या कुत्र्यांची वानवा कधीच नव्हती. बालाघाटाच्या माळावर, नळदुर्ग-अणदूरच्या शिवारात, परंड्याकडच्या सीनाकाठी लांब पायांची, पोट आत ओढलेली, निमुळत्या तोंडाची कारवान कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. त्यांचं काम ठरलेलं होतं. ससा किंवा काळवीट नजरेला पडलं की सुटायचं आणि गाठायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते काम बंद केलं आणि ते योग्यच झालं. माळावर आज जे थोडं काळवीट दिसतं ते त्या कायद्यामुळे. पण शिकार थांबली म्हणून कुत्र्याच्या अंगातला वेग ओसरत नाही. तोच कारवान आता गोठ्याशेजारी आखूड साखळीला दिवस काढतो आणि रात्री राखणीला सुटतो. शहरातल्या नव्या वसाहतींत लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डची पिल्लं गच्चीवर वाढतात, आठ-दहा महिन्यांची झाली की सोफा फाडतात, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतात आणि मग त्यांच्याही गळ्यात साखळी येते. खेड्यातलं आणि शहरातलं दुखणं एकच आहे: तरुण कुत्र्याला दिवसभरात करण्यासारखं काही नाही.

या दुखण्यावर आज उपलब्ध असलेल्या उपायांत अ‍ॅजिलिटी, म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत, हा मला सर्वांत चांगला वाटतो. फक्त तो उशिरा आणि सावकाश सुरू करायला हवा, आणि इथल्या मातीचा, इथल्या उन्हाचा विचार करून करायला हवा. पुण्या-मुंबईत किंवा बेंगळुरूत जसा वर्ग भरतो तसाच उचलून इथे आणला तर दोन महिन्यांत कुत्री लंगडतील.

आधी कायद्याची एक गोष्ट सांगतो, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातलं अकरावं कलम आपल्याला बैल-म्हशींच्या संदर्भात ऐकून माहीत असतं. त्याच कलमात, प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा मानला आहे. पुढे खास कुत्र्यासाठी वेगळी तरतूद आहे: जो कुत्रा कायम बांधलेला किंवा कोंडलेला असतो त्याला वाजवी व्यायाम न देणं, हासुद्धा मालकाचा गुन्हाच. म्हणजे कुत्र्याला रोज मोकळं चालवणं-पळवणं ही शहरी हौस नसून साठ वर्षांहून जुनं कायदेशीर कर्तव्य आहे.

अ‍ॅजिलिटी हा खेळ त्या मानानं तरुण. 1978 च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात क्रफ्ट्‌स हे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन भरलं होतं. दोन मोठ्या कार्यक्रमांमधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांना बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं. समितीतले जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या अडथळा-शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांची शर्यत घेण्याची कल्पना मांडली आणि पीटर मीनवेल या प्रशिक्षकांच्या मदतीनं ती उभी केली. लोकांना ती इतकी आवडली की 1980 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबनं तिला खेळ म्हणून मान्यता दिली. 1996 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉर्ज गावी आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची, म्हणजे एफसीआयची, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. वेळ भरून काढण्यासाठी सुरू झालेला खेळ अठरा वर्षांत जगभर पोचला तो एका कारणानं: यात कुत्र्याला काहीतरी करायला मिळतं आणि माणसाला त्याच्याबरोबर धावावं लागतं.

खेळ असा. मैदानात पंधरा ते बावीस अडथळे मांडलेले असतात आणि त्यांचा क्रम परीक्षक प्रत्येक वेळी नवा ठरवतात. उड्या असतात, कापडी बोगदा असतो, दोन फळ्या टेकवून केलेला चढ-उतार म्हणजे ए-फ्रेम असते, एक फूट रुंदीच्या फळ्यांचा उंच पूल असतो, सी-सॉ असतो, आणि बारा उभ्या काठ्यांची रांग असते. या काठ्या एकमेकींपासून 60 सेंटिमीटरवर रोवलेल्या असतात आणि कुत्र्यानं त्यांतून नागमोडी जायचं. हातात दोरी नाही, खाऊ नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. आवाज, खांद्याचा रोख आणि पावलांची दिशा एवढ्यावरच त्याला न्यायचं. स्पर्धेपूर्वी माणसं कुत्र्याशिवाय एकदा मैदान चालून वाट पाठ करतात. कुत्रा मात्र ती वाट पहिल्यांदाच पाहतो. म्हणूनच अ‍ॅजिलिटीच्या वर्गात खरा विद्यार्थी माणूस असतो. कुत्रा चुकीच्या उडीकडे वळला, तर बहुतेक वेळा माणसाचं पाऊल आधी तिकडे वळलेलं असतं.

ए-फ्रेम, पूल आणि सी-सॉ यांच्या खालच्या टोकाचा भाग वेगळ्या रंगात रंगवलेला असतो. कुत्र्यानं त्या रंगीत पट्ट्यावर पाय टेकूनच उतरायचं, वरून झेप घ्यायची नाही. हा नियम कुत्र्याच्या खांद्यांसाठी आहे. एफसीआयची ए-फ्रेम जमिनीपासून 1 मीटर 70 सेंटिमीटर उंच असते. वेगात आलेला कुत्रा तेवढ्या उंचीवरून पुढच्या पायांवर आदळला तर काय होईल हे सांगायला नको. अ‍ॅजिलिटीतल्या दुखापतींच्या पाहण्यांत खांद्याचं नाव वारंवार पुढे येतं.

आता आपल्या कारवानकडे येऊ. हा कुत्रा आणि सीमेपलीकडचा मुधोळ हाउंड एकाच घराण्यातले. मध्य आशियातून, इराण-अफगाणिस्तानाकडून आलेल्या तांड्यांबरोबर यांचे पूर्वज दख्खनेत आले असं मानलं जातं. कारवान हे नावही तांड्यावरूनच पडलं. कानांवर, शेपटीवर लांब केस असलेल्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली आणि इंग्रजांच्या तोंडी मुधोळ हे नाव बसलं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत ही जात कारवान हाउंड म्हणून आहे. 2005 च्या जानेवारीत टपाल खात्यानं चार भारतीय जातींवर तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. 2020 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं देशातल्या पहिल्या तीन श्वानजातींची नोंद केली: राजापलयम, चिप्पीपराई आणि मुधोळ. पहिल्या दोन तमिळनाडूच्या नावे गेल्या, मुधोळ कर्नाटकच्या. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्रही आहे. आपल्या जिल्ह्याच्या उस्मानाबादी शेळीनं देशभर नाव कमावलं. त्याच माळावर वाढलेल्या कुत्र्याकडे तितक्या आस्थेनं कुणी पाहिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा कुत्रा अ‍ॅजिलिटीत कितपत चालेल? खरं उत्तर असं की जागतिक स्पर्धेच्या मोठ्या गटात वर्षानुवर्षं बॉर्डर कोलीचं राज्य आहे, आणि कारवान बॉर्डर कोली नाही. कोली मेंढपाळाच्या खुणेवर वळणारा कुत्रा. माणसाकडे बघत राहणं त्याच्या रक्तात आहे. कारवान नजरेनं शिकार हेरणारा. तो दूर क्षितिजाकडे बघतो, एकदा सुटला की स्वतः निर्णय घेतो आणि मागून येणारी हाक त्याच्या कानात शिरत नाही. त्याची टांग इतकी लांब असते की जवळजवळच्या दोन उड्यांमध्ये पाऊल बसवणं त्याला जड जातं. नागमोडी काठ्यांत लांब पाठ वाकवणंही अवघड. मोकळ्या सरळ धावेत त्याला कोण गाठणार? पण अ‍ॅजिलिटी ही वळणांची शर्यत आहे. शिवाय शिकवण्याच्या बाबतीत तो लवकर कंटाळतो. तेच सहा वेळा करायला सांगितलं तर सातव्या वेळी तो बसून राहील. धडा तीन मिनिटांचा ठेवायचा, आणि त्याला अजून हवं असतानाच थांबवायचं.

तरीही मी कारवानसाठी अ‍ॅजिलिटी सुचवतो, ते पदकासाठी नाही. माणसाकडे बघायला शिकणं हीच या जातीची उणीव आहे आणि हा खेळ नेमकं तेच शिकवतो. ज्या कारवानला पाच अडथळे मालकाच्या खुणेवर करता येतात, तो शिवारात ससा दिसल्यावरही एकदा मागे वळून पाहण्याची शक्यता वाढते. आणि गल्लीतलं साधं गावठी कुत्रं? हलकं अंग, घट्ट पंजे, उन्हाची सवय आणि तल्लख डोकं असं सगळं त्याच्याकडे असतं. वर्गासाठी कुत्रा शोधणाऱ्यानं हजारो रुपये मोजून पिल्लू आणण्याआधी दारातल्या पिल्लाकडे पाहावं. लॅब्रॅडॉरला हा खेळ आवडतो, पण आधी वजन उतरवावं लागतं. पग आणि बसक्या नाकाच्या इतर जातींना आपल्या हवामानात धावायला लावूच नये.

मुख्य काम पहिल्या वर्षाचं आहे आणि त्यात एकही उडी नाही. पिल्लाचं मन जगासाठी उघडं असण्याचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 च्या आपल्या पुस्तकात हे मांडलं आणि ते आजवर टिकलं आहे. या दिवसांत पिल्लानं ट्रॅक्टरचा आवाज, मोटारसायकल, शाळेची पोरं, हलगी, टोपीवाले म्हातारे, नऊवारीतल्या आज्या, शेळ्या, म्हशी हे सगळं सुरक्षित अंतरावरून पाहिलं-ऐकलं पाहिजे. नेमका हाच काळ लसीकरणाचाही असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते; रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर गल्लीत सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन बाजार जरूर दाखवायचा. अनेक घरांत याच्या उलट होतं: पिल्लू उकिरड्यावर खेळतं आणि माणसांच्या गर्दीत कधी जात नाही.

घरातला पहिला धडा हाकेचा. ‘यू यू’ म्हणून गावात सगळेच सगळ्या कुत्र्यांना बोलावतात, त्यामुळे आपल्या कुत्र्यासाठी वेगळा शब्द किंवा शिट्टी ठरवावी आणि ती हाक मारून त्याला कधीही रागवू नये, बांधू नये, औषध पाजू नये. हाक ऐकून येणारा कुत्रा म्हणजे अर्धी अ‍ॅजिलिटी झाली. दुसरा धडा एका जागी थांबण्याचा, तिसरा पट्ट्याला ताण न देता चालण्याचा. हे सगळं घरात एकानं नाही, सर्वांनी एकाच शब्दांत शिकवायचं. आजोबा ‘बस’ म्हणतात, नातू ‘सिट’ म्हणतो आणि आई नुसतं डोळे वटारते, अशा घरात पिल्लू गोंधळून जातं.

मग येतं आठव्या महिन्याचं वळण. काल ऐकणारा कुत्रा आज पाठ फिरवतो. न्यूकॅसल विद्यापीठातल्या ल्युसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांसाठी मार्गदर्शक म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्ये त्यांना दिसलं की पाच महिन्यांच्या तुलनेत आठ महिन्यांचा कुत्रा सांभाळणाऱ्याचं कमी ऐकतो, परक्याचं मात्र ऐकतो. हे वय सरलं की कुत्रा पुन्हा ताळ्यावर येतो. आपल्याकडे कुत्र्याला शेतावर पाठवून देणं, सोडून देणं किंवा कायमचं बांधणं हे बहुधा याच वयात घडतं. दोन-चार महिने धीर धरला असता तर टळलं असतं, असं कितीतरी वेळा वाटतं.

हाडांचंही तसंच. लांब हाडांच्या टोकांना वाढीचे मऊ पट्टे असतात आणि मोठ्या जातींत ते भरून यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर वारंवार उड्या मारल्या तर ते दुखावतात, पाय वाकडा वाढू शकतो. एफसीआय 18 महिन्यांखालच्या कुत्र्याला स्पर्धेत घेत नाही. अमेरिकन केनेल क्लबची मर्यादा 15 महिन्यांची आहे. ज्या वर्गात पाच महिन्यांच्या पिल्लाकडून गुडघ्याएवढी उडी मारून घेतली जाते, त्या वर्गातून परत यावं. या वयात करण्यासारखं पुष्कळ आहे: जमिनीवर ठेवलेल्या आडव्या काठ्या ओलांडत चालणं, विटांवर ठेवलेल्या फळीवरून सावकाश जाणं, आखूड बोगद्यातून बाहेर येणं, डगमगत्या फळीचा आवाज सहन करणं. मागच्या पायांचं भान कुत्र्याला जन्मतः नसतं. ते अशा खेळांतून येतं.

आता माती. या जिल्ह्यात मैदान निवडणं हा निम्मा प्रश्न आहे. काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात; धावत्या कुत्र्याचा पाय त्यात अडकला तर हाड मोडतं. पावसाळ्यात तीच माती पंजाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते आणि कुत्रा घसरतो. कापणी झालेल्या तुरीच्या किंवा ज्वारीच्या रानात सडं भाल्यासारखी उभी असतात. सिमेंटची खळी आणि मंगल कार्यालयांची फरशी तर सांध्यांची शत्रूच. सर्वांत चांगली जागा म्हणजे हलकी मुरमाड, वरून गवत असलेली, खडे वेचून साफ केलेली आणि चारही बाजूंनी जाळी असलेली. कारवानसाठी कुंपण अनिवार्य आहे. उघड्या विहिरीजवळ वर्ग घेऊच नये.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. कुत्र्याला घाम फक्त पंजांतून येतो. बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. खेळाच्या नादात तो थांबत नाही, थांबवावं माणसानं. हाताची पाठ जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला तिथे चालवू नये. उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत संपवावा, नाहीतर महिनाभर सुट्टी द्यावी. कुत्रा झोकांड्या जाऊ लागला, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, तर लगेच सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि डॉक्टर गाठावा. इथला खरा हंगाम दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा. पावसाळ्यात गोचिडांवर लक्ष हवं. गोचीडतापानं रक्त कमी झालेला कुत्रा आळशी वाटतो आणि मालक त्याला उगाच पळवत राहतो.

साहित्य महाग पडण्याचं कारण नाही. प्लॅस्टिकच्या पाइपांच्या उड्या वेल्डिंगच्या दुकानाशिवाय होतात. एकच अट सोडू नये: आडवी दांडी नुसती टेकलेली असावी, धक्का लागताच खाली पडावी. बांधलेली दांडी, घट्ट रोवलेला ट्रॅक्टरचा टायर, पत्र्याचं पिंप यांतून कुत्रे जखमी होतात. बोगद्याचा व्यास स्पर्धेत 60 सेंटिमीटर असतो. तेवढ्या मापाचा कापडी बोगदा शिवून घेता येतो, पण दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या टेकवाव्यात, म्हणजे तो लोळणार नाही. फळ्यांवर रंगात वाळू मिसळून लावली की पकड मिळते. रंग निवडताना निळा आणि पिवळा घ्यावा, कारण कुत्र्याला हे दोन चांगले दिसतात. आपल्याला उठून दिसणारा लाल त्याला गवतात मळकट वाटतो.

बक्षिसाचा खाऊ हरभऱ्याएवढा असावा. उकडलेलं अंडं, कोंबडीचं काळीज, पनीर, मीठ न लावलेले भाजलेले शेंगदाणे यांतलं काहीही चालतं. द्राक्षं आणि बेदाणे मात्र कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि तुळजापूर भागात द्राक्षबागा कमी नाहीत. बागेत पडलेल्या घडांवर तरुण कुत्रा ताव मारतो. कांदा-लसूण त्याचं रक्त बिघडवतात. नुसत्या दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला खेळण्याइतके स्नायू येत नाहीत, रोजच्या जेवणात अंडं-मांस किंवा त्या तोडीचं काही हवं. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत. वाढत्या मोठ्या कुत्र्यांत जादा कॅल्शियमनं हाडं बिघडतात.

शिकवण्याच्या पद्धतीवरून आपल्याकडे अजून वाद होतो. काठी दाखवल्याशिवाय, पट्ट्याला हिसका दिल्याशिवाय कुत्रा सरळ होत नाही असं मानणारे बरेच आहेत. पोर्तुगालमधल्या पोर्तो इथे झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 92 घरगुती कुत्री तपासली होती. शिक्षा वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त आणि लाळेतलं कॉर्टिसॉल वाढलेलं आढळलं. अ‍ॅजिलिटीपुरतं बोलायचं तर वादाला जागाच नाही. मार खाल्लेला कुत्रा मालकाच्या जवळ राहतो, हळू चालतो, स्वतःहून काही करून बघत नाही. आणि हा खेळ नेमका लांब जाऊन, वेगानं, आनंदानं करायचा आहे. भीतीनं सी-सॉवर चढवलेला कुत्रा पुन्हा त्या सी-सॉकडे येणार नाही.

शिकवणार कोण, हा आपल्या जिल्ह्याचा मोठा अडसर. या कामाची जाण असलेली माणसं इथे आहेत, पण खाकीत. पोलिसांच्या श्वान पथकांत अडथळे पार करणं हा प्रशिक्षणाचा भाग असतो. मुंबईचा झंजीर हा लॅब्रॅडॉर पुण्यातच शिकला होता. 1993 च्या स्फोटांनंतर त्यानं तीन टनांहून जास्त आरडीएक्स हुडकलं. शेजारच्या बीड पोलिसांचा रॉकी 2020 मध्ये गेला तेव्हा त्याला सन्मानानं निरोप दिला गेला आणि तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासातल्या त्याच्या कामाचा उल्लेख पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये केला, त्याच भाषणात मुधोळसारख्या देशी जाती पाळण्याचं आवाहन होतं. सैन्याच्या मीरत केंद्रात 2016 पासून मुधोळला प्रशिक्षण दिलं जाऊ लागलं. निवृत्त श्वानहस्तकांनी जिल्ह्यात रविवारचे वर्ग घेतले, आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण डॉक्टरांनी सांधे-हाडं तपासून दिली, तर यंत्रणा उभी राहायला वेळ लागणार नाही. मात्र पोलिसी कवायतीत हुकूम असतो आणि घरगुती खेळात खेळ, हा फरक हस्तकानं मनापासून स्वीकारला पाहिजे.

तोवर सोलापूर किंवा पुण्याकडे जाऊन वर्ग पाहणाऱ्यांनी काही गोष्टी ताडून घ्याव्यात. एका तुकडीत पाच-सहाच कुत्री आहेत का? लसीचं कार्ड मागतात का? सुरुवातीला दांडी जमिनीवर असते का? आपली पाळी नसलेली कुत्री सावलीत, एकमेकांपासून दूर बसतात का? शिक्षक कुत्र्यापेक्षा माणसाला जास्त सूचना देतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर शिक्षक चांगला.

जत्रांमधल्या कुत्र्यांच्या शर्यतींचा मोह कारवान पाळणाऱ्यांना असतो. गर्दी, डीजे, ऊन, आणि काही ठिकाणी पैजा. एका धावेत कुत्र्याचं वर्षभराचं मोल ठरतं आणि हरलेल्याला वाली नसतो. या वेगाला वाट द्यायची तर परदेशात रूढ असलेलं ल्यूर कोर्सिंग बरं: चाकांवरून फिरणाऱ्या दोरीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती नागमोडी ओढतात, कुत्री तिच्यामागे धावतात, जीव कुणाचाच जात नाही. आठवड्यातून एकदा हे आणि दोनदा अ‍ॅजिलिटीचे छोटे धडे, असा मेळ कारवानला उत्तम मानवेल.

मोकळ्या माळावर कुत्रं सोडणाऱ्यानं वन्यजीवांचाही विचार करावा. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात 2024 च्या डिसेंबरात वाघ कॅमेऱ्यात दिसला. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आला होता. माळावर लांडगे आहेत, बिबटे आहेत. 2018 मध्ये गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंमागे डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि हा रोग कुत्र्यांचाही आहे. आपल्या कुत्र्याला दिलेली लस अभयारण्याच्या कडेच्या लांडग्यालाही वाचवते. अभयारण्यालगत सराव नको, आणि रात्री कुत्रा उघड्यावर बांधू नये. बिबट्यासाठी बांधलेला कुत्रा म्हणजे आयतं सावज.

काही कुत्र्यांना हा खेळ आवडतच नाही. दोन-तीन महिने नीट शिकवूनही जो बोगद्यापाशी शेपूट घालतो, जांभया देतो, जमीन हुंगत बसतो, त्याच्यावर जबरदस्ती करू नये. म्हाताऱ्या, लंगड्या, बुजऱ्या कुत्र्यांचंही तेच. त्यांच्यासाठी वासाचा खेळ आहे आणि त्याला खेड्याइतकी चांगली जागा शहरात मिळणार नाही. कुत्र्याला आडोशाला धरायचं, कडब्याच्या तीन पेंढ्यांपैकी एकीखाली अंड्याचा तुकडा ठेवायचा आणि ‘शोध’ म्हणून सोडायचं. सापडला की तो तुकडा त्याचाच. हळूहळू पेंढ्या वाढवायच्या, मग गोठा, मग बांध, मग बाभळीच्या बुंध्याशी. दहा मिनिटं नाकानं शोधणारं कुत्रं तासभर पळाल्यासारखं दमतं, आणि यात त्याच्या एकाही सांध्यावर भार येत नाही.